मदत हवी आहे: ७७ सालच्या अँबॅसेडरला कार्पेट बसवतोय, टनेलवर सळ पडतात

मंडळी, नमस्कार. मृग लागायच्या आत हे काम संपवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी बाबांची. अँबॅसेडर मार्क थ्री, १९७७ची, बाबांनी ८४ साली सेकंडहँड घेतलेली. पुढची सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे आई आणि आजी दोघी बाबांशेजारी बसायच्या नि आम्ही चौघं भावंडं मागे. रामटेक, आदासा, पचमढी, सगळं या गाडीने केलं. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. कोजागिरीला त्यांना याच गाडीतून रामटेकला न्यायचं, असं मी मनाशी धरलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका कुशनवाल्याकडून आतलं सगळं करून घेतलं. काम दिसायला देखणं होतं. खाली ज्यूटचा नमदा (दाबून केलेला जाड थर), वर चॉकलेटी कार्पेट, आणि दोन्ही सोल्यूशन लावून थेट पत्र्याला चिकटवलेलं. ऑगस्टमध्ये गाडीत कुबट वास यायला लागला. मी पोळ्याच्या सुमारास दारं उघडी टाकून उन्हात ठेवली, वास गेला, मीही विसरलो. दिवाळीनंतर ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचकटलं तर नमदा भिजवलेल्या पोह्यांच्या लगद्यासारखा हातात आला. पत्र्याला पापुद्रे सुटले होते. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला आणि खाली अंगणातली फरशी दिसली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डेंटरकडून दोन्ही बाजूंचा पुढचा फ्लोअर कापून नवीन पत्रा वेल्ड करून घेतला आहे, वर रेड ऑक्साइड प्राइमर मारलं आहे. आता कार्पेट मी स्वतःच बसवणार. काळं लूपचं कापड साडेतीन मीटर आणलं आहे, पाठीला कडक थर आहे. अडचण टनेलची, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या उंचवट्याची. गिअरबॉक्सपाशी तो फुगीर आणि रुंद, मागे अरुंद होत जातो. कापड वरून बसवलं की दोन्ही बाजूंना सळ पडतात. ओढून सळ काढली की दुसरीकडे उभी राहते. तीन संध्याकाळी यातच गेल्या. शिवाय खाली काय घालावं, नागपूरच्या उन्हात सोल्यूशन टिकेल का, आणि फ्लोअरवरच्या डिपरच्या (हेडलाइटचा उजेड खाली-वर करायच्या) बटणाभोवती कापड कसं कापावं, हेही सांगा. ज्यांनी हाताने केलं आहे त्यांचे अनुभव हवेत.

संत्रानगरी यांचा प्रतिसाद:

भाऊ, थांबा. कार्पेटला हात लावायच्या आधी पाणी कुठून आलं ते शोधलं का? नमद्याने पाणी धरून ठेवलं हे खरं, पण ते आत आणलं कोणी? रेड ऑक्साइड नुसतं ठेवू नका, त्यावर रंगाचा हात हवाच. प्राइमर ओल धरतो. मग एकाला बाहेरून पाइपने समोरच्या काचेवर दहा मिनिटं पाणी सोडायला सांगा, तुम्ही आत टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे पडा. माझ्या गाडीत काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून धार यायची, दिसायची मात्र थेट पायाशी. फ्लोअरला पाणी निघून जायची भोकं असतील तर त्यांची रबरी बुचं पाहा. तडकलेलं बूच रस्त्यावरचं पाणी खालून आत घेतं.

जुनं पान यांचा प्रतिसाद:

टनेलचं सांगतो, मी फियाट आणि अँबॅसेडर दोन्हीचं केलं आहे. तुमचा हात चुकत नाहीये, राजेहो. तो भाग दोन दिशांनी वळतो आणि तुमच्या कापडाची पाठ कडक आहे, ते ताणलंच जाणार नाही. एका सपाट तुकड्यात तो झाकायचा हट्ट सोडा. दोन तुकडे करा, गिअरबॉक्सवरचा वेगळा आणि मागच्या टनेलचा वेगळा. जोड पुढच्या सीटच्या खाली येईल असा घ्या, सलग सीट आहे, कोणाला दिसत नाही.

आधी वर्तमानपत्राचा फर्मा काढा. कागद टनेलवर ठेवून हाताने दाबा, जिथे सळ पडते तिथे कात्रीने चीर द्या, कागद एकावर एक चढेल तेवढा चिकटपट्टीने धरा. ती चढलेली पाचर म्हणजेच तुमची शिवण. फर्मा कापडाच्या पाठीवर ठेवून खडूने उतरवा आणि चारी बाजूंनी दोन बोटं जास्त सोडा. कापलेलं परत जोडता येत नाही. पाचरा कापून कुशनवाल्याकडच्या मशीनवर जाड दोऱ्याने शिवून आणा, उघड्या कडांना रेक्झिनची पट्टी मारायला सांगा.

लव एकाच दिशेला ठेवा. हात फिरवून पाहा, एकीकडे मऊ लागतं, एकीकडे खरखरीत. प्रत्येक तुकड्यावर पाठीमागे खडूने पुढच्या बाजूचा बाण काढा. उलटसुलट लागले तर उन्हात दोन वेगळे काळे दिसतात, आणि हे सगळं झाल्यावरच लक्षात येतं.

चिकटवताना आधी टनेलच्या माथ्यावर मधोमध एक पट्टा चिकटवायचा, मग मधून खाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सोल्यूशन दोन्ही अंगांना लावा आणि बोटाला तार सुटणार नाही इतपत सुकू द्या, मगच दाबा. ओलं असताना दाबलं तर आपल्याकडच्या ४५-४६ डिग्रीत बंद गाडीत ते परत सुटतं. एसआर ९९८सारखं रबराचं सोल्यूशन घ्या. पांढरं लाकडी फेविकॉल इथे चालत नाही. दारं उघडी ठेवा, त्या वासाने डोकं धरतं. आणि तुकडा चिकटवण्याआधी तासभर उन्हात पसरून ठेवा. मे महिन्याचा एवढा फायदा घ्याच.

पण पायाखालचे तुकडे अजिबात चिकटवू नका. टनेल आणि बाजूच्या उभ्या पट्ट्या चिकटवा, सपाट भाग टिच बटणांवर ठेवा. जुलैमध्ये उचलून दोरीवर वाळत घालता आला पाहिजे.

संत्रानगरी पुन्हा:

हेच म्हणतो मी. आणि नमदा परत नको. छपराखाली लावतात ती क्रॉसलिंक फोमची शीट येते, पाणी शोषत नाही, ती घाला. इंजिनकडच्या भिंतीला जाड, पायाखाली पातळ. आवाज कमी करायला डांबरी पट्ट्या लावतात काही जण. मला आवडत नाहीत, उन्हात वास मारतात.

जुनं पान:

डिपरच्या बटणासाठी आणि सीटच्या बोल्टांसाठी ड्रिल चालवू नका, हात जोडून सांगतो. ड्रिलच्या टोकाला एक धागा अडकला की लूपची अख्खी ओळ उसवत जाते. खालून टोचा घालून जागा पक्की करा आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या इस्त्रीने भोक पाडा. सिंथेटिक कापड असेल तर कड वितळून आपोआप बंद होते. आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, अॅक्सिलरेटर. फोम आणि कार्पेट मिळून जाडी वाढते. इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. कुठे घासलं, अडलं, तर तिथला फोम काढून टाका. नंतर बसवलेले सीटबेल्ट असतील तर त्यांचे बोल्ट थेट पत्र्यावर आवळले गेले पाहिजेत, मध्ये कार्पेट दबलेलं नको.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. आठवडाभरात जे झालं ते लिहितो.

पाणी ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या कोपऱ्यातूनच येत होतं. रबर नवीन टाकलं, परत पाइप सोडला, कोरडं. फ्लोअरवर रंगाचे दोन हात झाले. टनेलचा कागदी फर्मा चौथ्या वेळी जमला. चार पाचरा निघाल्या, मी इतके दिवस तेवढं जास्तीचं कापड दाबून बसवायला बघत होतो. शिवून आणलेला तुकडा उन्हातून उचलला आणि टनेलवर ठेवला, तर सोल्यूशन न लावताच बसला. तळवा माथ्यापासून खालपर्यंत फिरवला, कुठेही पोकळ लागलं नाही.

अॅक्सिलरेटर तळाशी अडत होता. तिथला वीतभर फोम कापून काढला, आता मोकळा आहे. डिपरचं भोकही इस्त्रीने पाडलं.

काल संध्याकाळी बाबांना खुर्ची आणून अंगणात बसवलं होतं. ते उठून आत जाऊन बसले, चप्पल बाहेर काढली आणि डाव्या पायाने न बघता डिपर दाबला. समोरच्या भिंतीवर उजेड खाली-वर झाला. दोन-तीनदा दाबून म्हणाले, "जागेवर आहे."

मागचे दोन तुकडे राहिले आहेत. टिच बटणं शनिवारी इतवारी बाजारातून आणतो. पत्र्यात बटणासाठी भोक पाडलं तर तिथून परत गंज धरेल का? रिव्हेट मारण्याआधी भोकाच्या कडेला रंग लावणार आहे, तेवढं पुरेल का ते कळवा.

जुनं पान:

पुरेल. रंग पूर्ण वाळू द्या, रिव्हेट मारल्यावर गाडीखाली जाऊन रिव्हेटच्या खालच्या टोकावर सीलंटचा ठिपका ठेवा. टिच बटणं पितळेची मागा.