लांब पल्ल्याच्या पायवाटांनी गावं खरंच उभी राहतात का?

बांधावरचा
काल इथे एकांनी लिहिलं होतं: खेड्यांमधून लांब पल्ल्याच्या पायवाटा काढा, चालणारे येतील, गावाला रोजगार मिळेल; विरोध करणारे शेतकरी आडमुठे आहेत. ते 'आडमुठे' फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या शेतातून अशी वाट जाते. चालणाऱ्यांशी माझं वैर नाही. पण उद्घाटनाला जमलेली माणसं दोन पावसाळ्यांनंतर दिसत नाहीत. कडेचा चर बुजतो, पाणी वाटेवरूनच वाहायला लागतं. चिखल टाळायला लोक बाजूने चालतात आणि वाट दरवर्षी पिकात सरकते. इंग्लंडमधल्या पेनाइन वेचं तेच झालं. १९६५ साली खुली झालेली ही सुमारे ४३० किलोमीटरची वाट दलदलीच्या पठारांवर इतकी पसरली, की जुन्या कापड गिरण्यांच्या दगडी फरश्या हेलिकॉप्टरने नेऊन अंथराव्या लागल्या. नव्या किलोमीटरला पैसा निघतो, जुन्याच्या डागडुजीला निघत नाही. आधी देखभालीचा निधी आणि जमीनमालकाशी लेखी करार, मग लांबी वाढवा.

पाठीवर_बिऱ्हाड
अर्धीच गोष्ट सांगितलीत. पेनाइन वेची कल्पना पत्रकार टॉम स्टीफनसन यांनी १९३५ मध्ये मांडली. प्रत्यक्षात यायला तीस वर्षं गेली, ती मुख्यतः जाण्यायेण्याचे हक्क मिळवण्यात. कुणी रातोरात शेतात घुसलं नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागोची रेल्वे १९९० मध्ये बंद पडली. त्याच मार्गावर २००० साली दीडशे किलोमीटरची वाट खुली झाली आणि रेल्वेबरोबर ओस पडू लागलेल्या गावांना गिऱ्हाईक मिळालं. तुमच्या अटी पुऱ्या होईपर्यंत थांबले असते तर आज तिथे काटेरी झुडपं असती.

बांधावरचा
रेल्वेचं उदाहरण मला देऊ नका. अमेरिकेत १९८३ पासून कायदा आहे: बंद मार्ग 'पुढे कधीतरी लागेल' म्हणून राखायचा आणि तोवर त्यावर वाट करायची. रेल्वे गेली की जमीन आपल्याकडे येणार, असं धरून बसलेल्या शेतकऱ्यांनी काय करायचं? वायोमिंगमधलं ब्रँट कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये जिंकलं. तेही आडमुठेच का?

सांजवेळ
निधी आणि कायदा राहू द्या, फाटकाचं बोला. आमच्या कुरणाच्या फाटकाला साखळी आहे. तिची कडी खिळ्यावर अडकवायची, एवढंच काम. ठसठशीत पाटीही आहे. तरी कुणीतरी साखळी लोंबती ठेवून गेलं. गाभण गाय अंधारात रस्त्यावर गेली आणि ट्रकखाली आली. भरपाई कुणाकडे मागायची? वरून यांची मोकाट कुत्री!

रानपाखरू
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझी कुत्री कायम दोरीला असते. फाटकाला जोराची स्प्रिंग बसवली की ते आपोआप मिटतं, इतका साधा उपाय आहे. आणि चालणाऱ्यांवर गाई धावून येतात, माणसं तुडवली जातात, त्यावर कुणी शेतकरी बोलत नाही.

सांजवेळ
स्प्रिंगचा खर्च मी करू? आणि कुत्री दोरीला असली तरी घाण कुरणातच करते ना? त्यातून निओस्पोरा नावाचा परजीवी पसरतो, गाई गाभ टाकतात. आमच्याकडे हे झालंय. मेलेलं वासरू हातात घेऊन उभं राहावं लागलं की मग कळतं.

रानपाखरू
वाईट वाटलं, खरंच. पण निओस्पोरा बहुतेक वेळा शेतावरच्या कुत्र्यांकडून येतो, गाईची वार खाल्लेल्या. आपल्या अंगणात आधी बघा.

सांजवेळ
म्हणजे माझ्या गाईंनी गाभ टाकला त्याला मीच जबाबदार? कमाल आहे तुमची.

गुरांचा_डॉक्टर
दोघेही शांत व्हा. वार गोठ्यात पडू देऊ नका, आणि पाहुण्याची कुत्री असली तरी घाण उचललीच पाहिजे, दोन्ही लागतं. त्याहून महत्त्वाचं: गाय अंगावर आली तर कुत्र्याची दोरी सोडून द्या. वासराजवळच्या गाईचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रा पळून सुटतो, दोरी धरून राहिलेला माणूस मात्र सापडतो. वासरं असतील तेव्हा वाट कुंपणाबाहेरून तात्पुरती वळवता येते. नकाशा काढतानाच ती सोय ठेवायला हवी.

पाठीवर_बिऱ्हाड
विषय कुत्र्यांचा नव्हता. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि पायवाटा बंद केल्या. तेव्हा कळलं, की खेड्यांमधली खानावळ, मुक्कामाच्या खोल्या, दुकानं कुणाच्या जिवावर चालतात. पर्यटनाचं नुकसान प्रचंड झालं.

बांधावरचा
त्या साथीत साठ लाखांवर जनावरं मारली गेली. ती चालणाऱ्यांची नव्हती. तो आकडा गाळून हे उदाहरण देता, याचा संताप येतो.

मुक्कामी
मी अशाच एका वाटेवर खोल्या भाड्याने देते. चालणारा भिजून येतो. त्याला बूट वाळवायला जागा, गरम पाणी आणि पहाटे निघता येईल अशी सोय लागते. तेवढ्यावर घर चालतं, म्हणून वाटा वाढाव्यात असंच माझं मत. पण आमच्या खालचा लाकडी पूल पुरात गेला आणि संपूर्ण हंगाम कुणी बांधला नाही. नदी ओलांडता येईना, तेव्हा लोक पुढच्या गावापर्यंत गाडीने जायला लागले. माझ्या खोल्या रिकाम्या. वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं, की दुरुस्तीची तरतूद नाही. त्याच वर्षी पलीकडच्या खोऱ्यात नव्या टप्प्याचं काम सुरू झालं.

पाठीवर_बिऱ्हाड
पुलाबाबत बोलायला जागा नाही, मान्य. देखभालीशिवाय लांबी नको, इथवर बांधावरच्यांशी सहमत. पण सगळं सरकारवर टाकू नका. अमेरिकेतली सुमारे ३५०० किलोमीटरची ॲपलॅचियन ट्रेल ही पायवाट १९३७ मध्ये पूर्ण झाली आणि आजही तिचा बराचसा भार स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक वाहतात. प्रत्येक मंडळाचा टप्पा ठरलेला असतो.

बांधावरचा
स्वयंसेवक झुडपं तोडतील, चर मोकळा करतील. पूल बांधणार नाहीत. तुमच्या मंडळाने माझ्या शेतातला टप्पा घेतला तर वाट वळवायला कडेची पट्टी देईन. करार लेखी, फाटकाची स्प्रिंग तुमची, आणि पुलाचे पैसे नवा टप्पा मंजूर होतानाच बाजूला काढलेले.

सांजवेळ
आणि कुत्री दोरीला. हेही करारात घाला.