एचएसपीईएक्सपी: एकूण प्रवाह जुळतो, पूर जुळत नाही

प्रश्न: एचएसपीएफ (पावसावरून नदीचा प्रवाह काढणारं संगणक मॉडेल) मी एचएसपीईएक्सपी या पॅरामीटर बदलायचा सल्ला देणाऱ्या सॉफ्टवेअरने जुळवतोय. एकूण प्रवाहाची चूक ४%. पण सर्वांत मोठे १०% प्रवाह मोजलेल्यापेक्षा २५% जास्त, सर्वांत लहान ५०% प्रवाह मात्र कमी येतात. एलझेडएसएन (मातीच्या खालच्या थराची पाणी धरायची क्षमता) वाढवू का?

उत्तर १: नको. त्याने बाष्पीभवन वाढून एकूण पाणीच घटेल. इन्फिल्ट (पाणी जमिनीत मुरण्याचं प्रमाण) १०-१०% ने वाढवा. पुरातलं पाणी भूजलात वळेल. दर वेळी एकच पॅरामीटर बदला.

उत्तर २: आधी एजीडब्ल्यूआरसी (भूजलातून येणारा प्रवाह ओसरण्याचा गुणांक) तपासा. कोरड्या दिवसांत आजचा प्रवाह भागिले कालचा. ०.९७ नि ०.९९ मधला फरक किरकोळ वाटतो, पण ०.९९ ला भूजलाचा साठा तिप्पट सावकाश रिकामा होतो.

उत्तर ३: तरीही पुराची शिखरं टोकदार राहिली तर इंटएफडब्ल्यू (मातीच्या वरच्या थरातून हळू वाहणाऱ्या पाण्याचं प्रमाण) वाढवा. आणि पर्जन्यमापकाच्या नोंदी स्वतः बघा. नोंद चुकीची असली तरी सॉफ्टवेअर बिनदिक्कत पॅरामीटरच बदलायला सांगतं.