सांधे आखडणे, केस गळणे, तोंड येणे: ही सारी एकाच आजाराची लक्षणे असू शकतात का?

माणदेशी यांचा प्रश्न:

नमस्कार. माझी धाकटी बहीण २८ वर्षांची असून गेल्या पावसाळ्यापासून तिच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे इतकी आखडलेली असतात की मूठ वळत नाही, त्यामुळे कणीक आईलाच मळावी लागते. नऊ-साडेनऊनंतर हात हळूहळू मोकळे होतात. अधूनमधून अंगात कणकण असते, केस फार गळतात आणि तोंड वरचेवर येते. उन्हातून आली की गाल लाल होतात. घरात सगळे त्याला वांग समजतात. सांध्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आणि तोंडासाठी दंतवैद्य अशा तिघांनाही दाखवून झाले आणि प्रत्येकाने आपापल्या भागापुरते औषध दिले. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आल्यामुळे संधिवात नाही, असे सांगण्यात आले. आता एका नातेवाइकांनी हा स्वयंप्रतिकार आजार असावा अशी शंका व्यक्त केली आहे. असे आजार लक्षणांवरून कसे ओळखावेत आणि दाखवावे कोणाला?

जिज्ञासू_फिजिशियन:

रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही. परंतु आपण लिहिलेल्या तक्रारी वेगवेगळ्या न मानता एकत्र पाहिल्या पाहिजेत, हे मात्र मी ठामपणे सांगेन. या आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरातील पेशींवर उलटते, आणि त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड असे अनेक अवयव एकाच वेळी किंवा एकामागून एक त्यात सापडतात. म्हणूनच केस गळणे किंवा थकवा यांसारख्या सुट्या लक्षणाला फारसा अर्थ नसतो. ती अनेक लक्षणे एकाच माणसात महिनोन्महिने टिकून राहिली की त्यांना अर्थ येतो.

सांध्यांचेच पाहा. झिजेमुळे होणारे दुखणे कामाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. दाहामुळे होणारे दुखणे याच्या उलट, रात्रभराच्या विश्रांतीनंतर वाढते आणि हालचालीने सैल पडते. अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडलेले राहणे, दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सारखीच दुखणे व सुजणे, आणि हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालणे ही दाहाची खूण आहे. आपल्याकडे चिकुनगुनियानंतरही सांधे असेच कित्येक महिने दुखतात, म्हणून सुरुवातीला एकाएकी जोराचा ताप आला होता का, हे डॉक्टरांना अवश्य सांगा. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात (सांध्यांचा स्वयंप्रतिकार आजार) असू शकतो, आणि ल्यूपस या अनेक अवयवांना धरणाऱ्या स्वयंप्रतिकार आजारात तर या तपासणीवर विसंबताच येत नाही.

गालांवरची लाली नीट पाहा. वांगाचा डाग तपकिरी असतो आणि महिनोन्महिने जागचा हलत नाही. ल्यूपसची लाली उन्हानंतर उमटते, दोन्ही गाल आणि नाकाचा उंचवटा व्यापते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा मोकळी सोडते. तोंडातील व्रण टाळूवर आहेत का, हेही विजेरी लावून बघा. ते बरेचदा दुखत नाहीत, त्यामुळे रुग्णाच्या लक्षातच येत नाहीत.

सर्वांत मोठी काळजी मूत्रपिंडाची असते, कारण ल्यूपसमध्ये मूत्रपिंड दुखत नाही. लघवीला टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायांवर सूज किंवा लहान वयात वाढलेला रक्तदाब, यांपैकी काही दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. म्हणून लघवीची साधी तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी तपासणी) आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) याच आठवड्यात करून घ्या, रक्तदाबही मोजा आणि सगळे अहवाल घेऊन संधिवाततज्ज्ञांना भेटा. जवळपास ते नसतील, तर चांगले फिजिशियन ही सुरुवात करू शकतात. धाप लागणे, छातीत दुखणे, आकडी (फिट) येणे किंवा लघवी कमी होणे असे काही झाल्यास भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

रानजाई:

मला स्वतःला ल्यूपस आहे आणि उपचारांवर माझी नोकरी व घर दोन्ही व्यवस्थित चालू आहे, हे आपल्या बहिणीला आवर्जून सांगा. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या तक्रारी महिनावार एकाच कागदावर लिहा आणि लाली उमटेल त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण भेटीच्या दिवशी चेहरा नेमका स्वच्छ असतो. एक कळकळीची विनंती आहे. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या कोणी आणून दिल्या, तरी घेऊ देऊ नका. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने चार दिवस बरे वाटते, लक्षणे झाकली जातात आणि निदान लांबते. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडही मनाने एकदम बंद करायचे नसते.

सह्याद्रीवासी:

माझा एएनए (स्वयंप्रतिकार आजाराच्या शंकेने करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला आहे, पण मला कोणताही त्रास नाही. मलाही ल्यूपस समजायचा का?

जिज्ञासू_फिजिशियन:

नाही. बऱ्याच निरोगी माणसांतही एएनए सौम्य प्रमाणात पॉझिटिव्ह येतो. ल्यूपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत तो पॉझिटिव्ह असतो, म्हणून तो निगेटिव्ह आल्यास ल्यूपसची शक्यता खूप कमी होते. परंतु केवळ पॉझिटिव्ह येण्याने आजार सिद्ध होत नाही. लक्षणे नसताना ही तपासणी करून घेऊ नये, आणि केलीच असेल तर त्या एका कागदावर औषध सुरू करू नये.

माणदेशी:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. विजेरी लावून पाहिले, तर टाळूवर दोन व्रण दिसले. तिला त्यांचा पत्ताही नव्हता. उद्याच तपासण्या करून घेतो. त्यासाठी उपाशीपोटी जावे लागेल का?

प्रयोगशाळा_तंत्रज्ञ:

या तपासण्यांना उपाशी राहण्याची गरज नाही. लघवीचा नमुना शक्यतो सकाळचा पहिला द्यावा. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी आणि डबी तासाभरात पोहोचवावी. पाळी चालू असल्यास रक्ताचा नमुना उद्याच द्या, पण लघवीचा नमुना पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांनी द्या. नाहीतर पाळीच्या रक्तातील पेशी त्यात मिसळतात आणि मूत्रपिंडातून रक्त जात असल्यासारखा अहवाल येतो.