प्यूब्लो माती: भांड्यांच्या पलीकडे

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या मूळ रहिवासी प्यूब्लो लोकांचं मातीकाम म्हटलं की कुंभार मारिया मार्टिनेझची काळी चकचकीत भांडीच आठवतात. त्यात रोक्सॅन स्वेंट्झेलची भर घालतो. न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा या प्यूब्लो वस्तीची ही शिल्पकार, जन्म १९६२चा. लहानपणी तिला नीट बोलता येत नसे, म्हणून मनातलं सांगायला ती मातीच्या छोट्या आकृत्या करायची. शाळा कशी वाटते, तर एक रडणारी मुलगी घडवून दाखवली!

तिच्या मूर्ती भरीव नसतात. चाक नाही, साचा नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, आतून पोकळ ठेवत माणूस उभा होतो. म्हणजे तंत्र प्यूब्लो घागरीचंच. ‘इमर्जन्स ऑफ द क्लाउन्स’मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे चार कोशारे, म्हणजे प्यूब्लो विधींतले विदूषक, जमिनीतून वर येतात. विदूषक म्हटलं तरी हसू येत नाही. नुकतं जाग आल्यासारखे भांबावलेले चेहरे आहेत ते. मला तिच्या कामात सर्वात जास्त आवडतात हात आणि पावलं, चांगली जाडजूड, कष्टाची.

मुलगी रोझ सिम्पसनही शिल्पकार. तिने तर जुनी एल कामिनो गाडीच काळ्यावर काळ्या नक्षीत रंगवली आणि मारिया मार्टिनेझवरून नाव ठेवलं ‘मारिया’.