थाळनेरची कत्तल माहितीपटात दाखवायची तर कशी?

तापीकाठ: परवा खान्देशात शिरपूरजवळच्या थाळनेर किल्ल्याच्या लढाईवरचा एक माहितीपट पाहिला आणि जीव जळला. ढोल, तलवारी, रक्ताचे शिंतोडे आणि शेवटी ठसक्यात वाक्य: ‘फितुरीने किल्ला पडला.’ कुठून काढली ही फितुरी? ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरच्या तहात होळकरांनी खान्देश इंग्रजांना देऊन टाकला. किल्लेदार तुळशीराम मामांनी ताबा द्यायला नकार दिला. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने तोफा लावल्या. पुढे शरणागतीची बोलणी झाली, किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या हाती लागले. आतल्या दरवाजापाशी मात्र अटींवरून गोंधळ उडाला, त्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग आतली सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली आणि किल्लेदारांना फासावर दिलं. १८१९ मध्ये हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानायचा ठराव आला, तेव्हा खुद्द ब्रिटिश संसदेत या फाशीवर प्रश्न उठले. एवढं सगळं हाताशी असताना फितूर कशाला जन्माला घालायचा?

चौघडा: पुस्तकासाठी तुमचं बरोबर आहे. पण माझा भाचा शिरपुरात वाढला, दहावीत आहे, आणि थाळनेरला किल्ला आहे हे त्याला आत्ता कळलं, याच माहितीपटामुळे. पुढच्या रविवारी चार मित्र घेऊन एसटीने जाऊन आला. ढोल नसते तर त्याने दहा सेकंदांत बोटाने पुढे सरकवलं असतं. आधी माणूस किल्ल्यापर्यंत तर पोचू द्या.

बुरुजाखाली: मला दोघांचंही पटत नाही. आपल्याकडचं काहीही दाखवायचं तर मुडदे पडलेच पाहिजेत का? थाळनेर ही खान्देशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत, त्यातली ती अष्टकोनी जवळून बघा, दगडावरच्या नक्षीवरून हात काढवत नाही. चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे, तीही त्यांच्या नातवाने, चांगदेवाने काढलेला. त्यावर कॅमेरा कधी जाणार?

खान्देशी पोर: आनि निवेदन पुण्याच्या मराठीत कशाले? आमना गावनी गोट आमनाच बोलीमा सांगा ना. माझी आजी बघायला बसली आणि पाच मिनिटांत उठून गेली.

तापीकाठ: आजी उठून गेल्या हे वाचून वाईट वाटलं. निवेदन अहिराणीतच हवं, मराठी अर्थ खाली अक्षरांत द्या. @बुरुजाखाली, कबरी दाखवाच, पण म्हणून ते ३०० जण वगळायचे नाहीत. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. @चौघडा, भाचा किल्ल्यावर गेला, आनंद आहे. पण काय समजून गेला? आपल्याच माणसांनी दरवाजा उघडला असं समजून. तटबंदी तर तापीने बरीचशी खाल्ली, तिथे उभं राहून खरं काय ते सांगायला दगडसुद्धा फारसे उरले नाहीत. दरवाजापाशी गोंधळ उडतो तिथे ढोल बंद करून नुसता नदीचा आवाज ठेवा. कोणी पुढे सरकवणार नाही.

चौघडा: रात्री भाच्याला विचारलं. ‘फितूर कोण होता मामा?’ असं त्यानेच उलट विचारलं. तुम्ही लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ते वाक्य काढा म्हणून त्या माहितीपटाखाली मीच लिहून आलो. ढोलांबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे.