‘नासले’ की ‘नासवले’?

चर्चाप्रस्ताव (सांगली)

लेखक कोरी डॉक्टरो यांनी २०२२ मध्ये ‘एन्शिटिफिकेशन’ हा शब्द घडवला. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने तो २०२३ चा शब्द म्हणून निवडला आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशानेही त्यालाच मान दिला. अर्थ थोडक्यात असा की एखादे ॲप किंवा संकेतस्थळ आधी वापरणाऱ्यांचे लाड करते, ते पुरते अडकले की त्यांच्या जिवावर विक्रेत्यांचे आणि जाहिरातदारांचे लाड करते, आणि तेही अडकले की दोघांनाही पिळून सगळा मलिदा कंपनी स्वतःच्या ताटात ओढते. या प्रक्रियेला मराठीत काय म्हणावे, हा माझा प्रश्न आहे.

वर्तमानपत्रे सहसा ‘दर्जा घसरला’ असे लिहून मोकळी होतात. कोणी ‘अधोगती’ म्हणतात, तर कोणी ‘सडीकरण’ असा जोडशब्द करू पाहतात. या सर्वांवर माझा आक्षेप एकच आहे, तो म्हणजे घसरणारा आपोआप घसरतो आणि सडणारेही आपोआप सडते. पलूस तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी सकाळी पातेल्यात दुधाच्या गुठळ्या आणि हिरवट पाणी वेगळे झालेले दिसले की आई म्हणे, ‘दूध नासलं.’ आजीला हे वाक्यच मान्य नसे. ती काही न बोलता आधी खुंटीवरचे ओगराळे काढून हुंगायची आणि मग म्हणायची, ‘नासलं न्हाई, नासवलंय कुणीतरी. ताकाचं ओगराळं दुधात बुडिवलंय.’ त्यानंतर घरातल्या सर्व मुलांची रांगेने चौकशी होई.

आजीला ठाऊक असलेला हा फरक मराठी क्रियापदांत जागोजागी मुरलेला आहे. पडणे आणि पाडणे, फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, गळणे आणि गाळणे, नासणे आणि नासवणे या जोड्यांत पहिले क्रियापद घडलेली गोष्ट सांगते आणि दुसरे ती घडवणाऱ्याचा पत्ता विचारते. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत मात्र जवळजवळ नेहमी पहिलेच क्रियापद आढळते: माहिती फुटली, सेवा बंद पडली, नोकऱ्या गेल्या, जाहिराती वाढल्या. एखाद्या गावावर गारपीट व्हावी तसे हे सारे कंपन्यांवर येऊन कोसळते, असाच वाचकाचा समज व्हावा. म्हणून ‘एन्शिटिफिकेशन’साठी मी ‘नासवणूक’ हा शब्द सुचवतो. फसवणे-फसवणूक, अडवणे-अडवणूक, तशी नासवणे-नासवणूक. शब्द नवा असला तरी घडण जुनीच आहे, आणि ‘कोणी?’ हा प्रश्न त्याच्या पोटातच बसलेला आहे.

उदाहरण म्हणून व्हॉट्सॲप घ्यावे. आपण जाहिराती का विकत नाही, हे त्याच्या संस्थापकांनी २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते १,९०० कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर केला, २०१६ मध्ये वापरणाऱ्यांचे फोन क्रमांक फेसबुकला देण्याची वाट नव्या अटींतून उघडली आणि जून २०२५ मध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती आणण्याचे जाहीर झाले. दरम्यान २०२१ च्या ‘मान्य करा, नाहीतर निघा’ धर्तीच्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच मालक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. यातली प्रत्येक पायरी कोणत्या तरी बैठकीत, कोणाच्या तरी सहीने ठरली असणार. ‘जाहिराती आल्या’ असे म्हणताना आपण ती सही पुसून टाकतो.

याहून अधिक बेरकी प्रकार ‘बदलणे’ या क्रियापदाचा आहे, आणि तो मला एका घरगुती प्रसंगातून उमगला. माझी भाची घरी दळलेली हळद एका ऑनलाइन विक्रीस्थळावर विकते. (त्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे.) पहिले काही महिने तिला कमिशन नव्हते, नंतर ते लागू झाले, पुढे वाढले, आणि आता जाहिरातीचे पैसे भरल्याशिवाय तिची पाकिटे शोधयादीच्या पहिल्या पानावर दिसत नाहीत. तिने मला मोबाईलवर आलेला निरोप दाखवला: ‘आमचे धोरण बदलले आहे.’ आता या वाक्याचे व्याकरण पाहावे. ‘हवामान बदलले’ यात ‘बदलणे’ अकर्मक आहे, तर ‘त्यांनी घर बदलले’ यात सकर्मक. ‘त्यांनी’ हा शब्द गाळला की दोन्हींचे रूप अक्षरशः एकच होते. पडले आणि पाडले यांत निदान एक काना चुगली करतो, येथे तोही नाही. हवामानासारखे धोरण बदलले, असे भाचीलाही वाटले आणि तिने हळदीचा दर वाढवून घेतला.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते आणि तीत वजन, भाव, हमाली, तोलाई ओळीओळीने लिहिलेली असते. अडत्यांच्या नावाने बोटे मोडणारे आमच्या घरातही होते आणि त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, पण भांडायला गाळ्यावर एक माणूस बसलेला सापडत असे. अशा मध्यस्थाला आपण ‘प्लॅटफॉर्म’ म्हणू लागलो आणि भाषांतरकारांनी त्याचे ‘मंच’ केले. मंच काय, चार फळ्या. त्याच्याशी कोण भांडणार?

आणखी एक शब्द ‘गळती’. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीतून गोळा झालेली लोकांची माहिती मिळवल्याचे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले तेव्हा मराठीत ‘माहितीची गळती’ हा शब्दप्रयोग सर्रास झाला. फेसबुकने त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार भारतात केवळ ३३५ जणांनी ती प्रश्नावली आपल्या खात्याला जोडली होती आणि त्यांच्या मैत्रीयादीतून ५,६२,१२० जणांच्या माहितीला धक्का लागलेला असू शकत होता. मित्रांची माहिती बाहेरच्या ॲपला देण्याची सोय फेसबुकने स्वतःच ठेवलेली होती. टाकीला भेग गेली तर ती गळती. मालकाने नळ बसवून तोटी उघडी ठेवली, तर त्याला गळती म्हणणे हे प्लंबरवर अन्याय करणारे आहे.

प्रतिसाद (सातारा)

‘नासवणूक’ हा शब्द मला आवडला, जरी मूळ इंग्रजी शब्दातली विष्ठा (‘शिट’) त्यात उतरलेली नाही. ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द शासनाने गावोगावच्या फलकांवर रंगवलेला असताना आपण इतके सोवळे का राहावे, हे मला कळत नाही. पण तो मुद्दा मी बाजूला ठेवतो.

माझी खरी शंका वेगळी आहे. प्रयोजक (‘पाडणे’, ‘नासवणे’ अशा) क्रियापदात हेतू येतो आणि हेतू सिद्ध केल्याशिवाय तो कोणाच्या माथी मारणे हे पत्रकाराला शोभत नाही. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ‘क्राउडस्ट्राइकने संगणक बंद पाडले’ असे लिहिले तर ते कोणी मुद्दाम केल्यासारखे वाटते, आणि ‘बंद पडले’ असे लिहिले तर आपल्या म्हणण्यानुसार कर्ता लपतो. मग बातमीदाराने लिहावे तरी काय? आपल्या आजींनीही ओगराळे हुंगण्याआधी कोणावर आरोप केला नव्हता, याकडे लक्ष वेधतो.

उत्तर (सांगली)

आजीच्या बाबतीत आपण मला पकडलेत. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मराठीतच आहे. शाळेत कपबशी फोडल्यावर आपण सर्वांनी ते वापरलेले आहे: ‘बाई, माझ्या हातून फुटली.’ येथे क्रियापद अकर्मकच राहते, त्यामुळे हेतूचा आरोप होत नाही. तरीही हात कोणाचा, हे वाक्यात नोंदले जाते. ‘क्राउडस्ट्राइकच्या हातून ८५ लाख संगणक बंद पडले’ या वाक्यात अन्यायही नाही आणि लपवाछपवीही नाही. हे रूप बातम्यांत का वापरले जात नाही, याचे मला नवल वाटते.

मात्र जेथे हेतूचा माग लागतो तेथे ‘हातून’ म्हणणे हीसुद्धा सवलत ठरेल. ॲमेझॉनचे प्राइम सदस्यत्व रद्द करण्याची वाट मुद्दाम वळणावळणांची ठेवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात केला होता. त्या वाटेला कंपनीत अंतर्गत नाव ‘इलियड’ होते, म्हणजे संपता न संपणारे महाकाव्य, असेही दाव्यात नमूद होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता २५० कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटवले. आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही, हे आपल्या काटेकोरपणाला स्मरून मी मान्य करतो. पण अडवणुकीला आधी होमरच्या काव्याचे नाव द्यायचे आणि नंतर ‘सदस्यत्व रद्द होत नाही’ असे ग्राहकाने म्हणायचे, हे जमत नाही. येथे ‘रद्द करू देत नव्हते, असा आरोप’ हेच वाक्य लिहावे लागेल.

प्रतिसाद (कराड)

चर्चेशी लागून असलेला एक प्रश्न विचारतो. एआयने एखाद्या न झालेल्या निकालाचा दाखला दिला किंवा नसलेल्या ग्रंथाचे नाव सांगितले की मराठीत ‘एआयला भ्रम झाला’ असे लिहिण्याची पद्धत पडू लागली आहे. हा प्रयोग आपल्याला योग्य वाटतो का?

उत्तर (सांगली)

अजिबात वाटत नाही. ‘त्याला ताप आला’, ‘त्याला भास झाला’ या वाक्यांत ‘त्याला’ म्हणजे भोगणारा असतो आणि भोगणाऱ्याविषयी आपल्या मनात सहज कणव उपजते; दोन घास खाऊ घालून त्याला निजवावे, असे वाटू लागते. एआयमागची भाषेची प्रारूपे (मॉडेल) पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातात. उत्तर खरे निघो वा खोटे, आतली रीत तीच असते, त्यामुळे खोट्या उत्तरापुरताच ‘भ्रम’ म्हणणे व्याकरणाने नव्हे, तर वस्तुस्थितीनेच चुकीचे आहे. भ्रम झालाच असेल तर तो वाचणाऱ्याला होतो.

आपल्याकडे यासाठी ‘ठोकून देणे’ हा अस्सल शब्दप्रयोग आहे. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसताना चेहरा गंभीर ठेवून जे सांगितले जाते, ते ठोकून दिलेले असते. त्यात ज्ञान नसते, लाजही नसते, आणि क्रियापद सकर्मक असते. म्हणून ‘यंत्राने ठोकून दिले’ असे लिहावे, आणि ते यंत्र बाजारात कोणी आणले त्या कंपनीचे नाव त्याच वाक्यात, शक्यतो सुरुवातीलाच, घालावे.