पॅराग्लायडिंगची शाळा निवडताना काय मोजायचं: उड्डाणं की मैदानातले तास?

सी_रायझर
पावसाळा सरला की लोणावळ्याजवळच्या कामशेतच्या कोर्सच्या जाहिराती फिरू लागतात. टँडमवर, म्हणजे पायलटच्या सोबतीने, बसून येणं वेगळं. स्वतः उडायचं असेल तर शाळेला फोन करून आधी एवढंच विचारा: टेकडीवर नेण्याआधी सपाट मैदानात विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, किती तास हाताळू देता?

विंग डोक्यावर येताना डावीकडे कलली, तर डावीकडेच दोन पावलं सरकून तिच्याखाली जायचं आणि उजवा ब्रेक, म्हणजे उजव्या हातातली दोरी, हलका ओढायचा. नवशिक्याचं अंग नेमकं उलटं, उजवीकडे ओढतं. मग विंग आणखी लोळते आणि हे धूड झुडपात. हातापायांत हे मुरायला आठ-दहा तास हवेतच. दोन तासांत उरकणारी शाळा माझ्या यादीतून बाद.

डोंगरवारा
साफ असहमत. मैदानात पतंगबाजी करून कोणी पायलट होत नाही. उतरायच्या जागेपाशी उंची कशी घालवायची, शेवटचं वळण कुठे घ्यायचं, पूर्ण ब्रेक जमिनीपासून किती उंचीवर ओढायचा, हे हवेतच कळतं. ब्रेक लवकर ओढला तर विंग वर उचलते आणि तिथून आपटते.

अमेरिकेच्या युशपा या पायलट संघटनेच्या पी-२ या नवशिक्यांच्या दाखल्याला किमान उड्डाणांची अट असते. आपल्याकडे पी-१, पी-२ ही नावं सर्रास, पण कागद त्याहून कितीतरी कमी उड्डाणांत हातात देणारेही आहेत. म्हणून विचारायचं ते हे: किती उड्डाणं देणार, आणि वारा नसला तर तो दिवस पुढे वळता करणार की बुडाला? हिवाळ्यात कामशेतला साधारण सकाळी पूर्वेचा वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा. ज्यांच्याकडे दोन्ही तोंडांच्या टेकड्या आहेत त्यांना दिवसाला दोन सत्रं मिळतात. बाकीचे अर्धा दिवस झाडाखाली.

सी_रायझर
दोन तोंडांचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण उड्डाणांचा आकडा गाठायच्या नादात या दोन वाऱ्यांच्या मधल्या वेळेत, भर दुपारी थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत, फुटत असताना, नवशिक्यांना सोडलं जातं. त्याचं काय? शिकाऊ विंग ब्रेक सोडून साधारण ताशी 36-38 किमी वेगाने जाते. समोरून 30चा झोत आला की जमिनीच्या हिशेबात ती जवळपास जागेवरच. त्याहून जोर वाढला तर मागे रेटली जाऊन कड्यामागच्या भोवऱ्यात. नवशिक्याला ताशी 20 किमीच्या वरच्या वाऱ्यात सोडणारी शाळा मला नको, मग 50 उड्डाणं देवोत.

लाइनचेक
तुम्ही दोघं तास आणि उड्डाणं मोजताय. विंगकडे कोण बघणार?

विंगच्या डायनीमा नावाच्या धाग्याच्या दोऱ्या ओलाव्याने आणि वापराने आखडतात. पुढच्या ए-लाइन्सवर सतत भार असतो, त्यामुळे त्या पुन्हा ताणल्या जातात. मागच्या सी आणि डी ओळींतल्या दोऱ्या तशाच आखूड राहतात. परिणाम म्हणजे ब्रेकला हात न लावताही विंग थोडी ब्रेक लावल्यासारखी उडते, स्टॉलच्या, म्हणजे वेग मंदावून उचल तुटण्याच्या, जवळ. ओळखायची खूण: मंद वाऱ्यात फुगवताना ती डोक्यावर न येता मागेच रेंगाळते. शाळा म्हणेल, 'तुमचं पळणं कमी पडतंय.' असेलही! पण दोऱ्यांची शेवटची मोजणी कधी झाली, तारीख मागा. वर्षातून एकदा तरी हवी. रिझर्व्ह पॅराशूटच्या घडीचं कार्डही बघा. सहा महिने ते वर्षाच्या आत पुन्हा घडी घातलेली असावी.

आणि वजन. तुमचं, हार्नेसचं, विंगचं, बुटांसकट सगळं धरायचं. 70 किलोचा माणूस हवेत 85-90चा होतो. शाळेकडे एकाच मापाच्या विंगा असतील तर सडपातळ मुलीला वारा मैदानभर फरफटवतो आणि जड गड्याचं लँडिंग धावत्या एसटीतून उतरल्यासारखं होतं.

नवा_पंख
मग थेट हिमाचलातल्या बीर-बिलिंगला जाऊन का शिकू नये?

डोंगरवारा
शिका, पण बिलिंगवरून पहिलं उड्डाण नको. टेक-ऑफ साधारण 2400 मीटरवर, उतरायची जागा हजारेक मीटर खाली. हवेत वेळ भरपूर मिळतो, पण चूक झाली की दुरुस्त करायला रेडिओवरचा आवाज सोडून जवळ कोणी नाही. आधी छोट्या उतारावर घेणारी शाळा तिथे शोधा.

सी_रायझर
इथे मात्र मी डोंगरवाऱ्याच्या बाजूने. आणि रेडिओ निघालाच आहे तर: वर एक आणि खाली एक असे दोन प्रशिक्षक आहेत का, आणि रेडिओ बंद पडला तर खालून हाताने कोणती खूण करणार, हे पैसे भरण्याआधी विचारा.